बातोनीची मग्दालीया

22 जुलै

आज येशूची शिष्या संत मरीया मग्दालीया हिचा सण. तिच्या पश्चात्तापाची चित्रं पुष्कळ; त्यांतलं इटालियन चित्रकार पोंपेओ बातोनीचं सगळ्यांत अवघड, कारण मूळ चित्रच उरलेलं नाही. रोममध्ये 1740च्या दशकात रंगवलेलं, जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संग्रहात गाजलेलं, 1945 साली युद्धात गेलं. आता सगळी भिस्त प्रतींवर, छापांवर आणि जुन्या फोटोंवर.

चित्रात ती जमिनीवर पसरून वाचतेय. उघडं पुस्तक कवटीला टेकवलेलं, हात गुंफलेले, केस मोकळे, खांदा उघडा. आकाशाकडे लागलेले डोळे नाहीत की गालावर आसवं नाहीत. देह रोकोकोला, अठराव्या शतकातल्या त्या नाजूक शैलीला, शोभेल असा मऊ, उजळ. पश्चात्ताप काय तो खाली झुकलेल्या पापणीत आणि बोटांत. म्हणून प्रत हाती आली की आधी पापणी बघायची. नक्कलकारानं ती सुतभर जरी वर उचलली तरी वाचन संपलं. बाई नुसती पहुडलेली उरते आणि कवटी उगाच तिथं पडल्यासारखी दिसते.

छापाच्या डाव्या-उजव्यावर भरवसा ठेवू नये. कोरणाऱ्यानं पत्र्यावर चित्र उलटं काढलं नसेल, तर कागदावर ते आरशातल्यासारखं उतरतं. जुन्या काचेच्या निगेटिव्हला निळा जास्त टिपायची सवय, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे निळं वस्त्र पांढुरकं आणि लाल ओठ काळपट येतात. फोटोतल्या करड्या छटांवरून रंग ठरवणं म्हणजे फसणं.

तैलप्रतींत निळा हिरवट दिसला तर आधी पिवळं पडलेलं व्हार्निश आठवावं. गालांची लाली उडालेली असेल तर फ्रेमच्या कडेखाली झाकलेली पट्टी बघावी. लाखी तांबडे, म्हणजे उजेडानं उडणारे लाल रंग, उजेड न लागल्यानं तिथं टिकून असतात.

पोर्सिलेनवरच्या, म्हणजे चिनी मातीवरच्या, प्रतींचं दुखणं निराळं. तिथला गुलाबी सोन्यापासून बनतो: भट्टी कमी पडली तर तपकिरीकडे, जास्त झाली तर जांभळटाकडे. रंग ओल्यात मिसळत बसायची सोय नाही, बारीक ठिपके द्यायचे आणि पुन्हापुन्हा भाजायचं. एवढ्या खटपटीनंतर कातडी बहुधा साखरेच्या बाहुलीसारखी होते.

खरं तर बायबलमधल्या शुभवर्तमानात मग्दालीया पतिता नाहीच. लूकच्या सातव्या अध्यायात केसांनी पाय पुसणारी पापी स्त्री निनावी आहे. मग्दालीयेचं नाव आठव्यात येतं. दोघींना, शिवाय बेथानीच्या मरीयेलाही, एकच ठरवलं ते पोप पहिल्या ग्रेगरीनं, 591च्या प्रवचनात. रोमच्या पंचांगात 1969 साली ती गाठ सुटली. चित्रांतले मोकळे केस मात्र तसेच राहिले.

बातोनीचं दुसरं चित्र, येशूचं पवित्र हृदय, रोमच्या जेझू चर्चमध्ये तांब्याच्या पत्र्यावर शाबूत आहे. गोव्यात, वसईत घरोघरी दिव्याखाली टांगलेल्या तसबिरी त्याच घराण्यातल्या. त्यांतही गुलाबी जरा जास्तच.