बिअर लावून गावी जाताना

डिसेंबरात साताऱ्याला जायचं ठरलं की यंदा तळघरात कोणती बिअर आंबायला लावायची हेही आपोआप ठरतं. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या थंडीत घर पाच-सहा आठवडे बंद राहणार म्हटल्यावर हीटर पूर्ण बंद करता येत नाही, नळातलं पाणी गोठून पाइप फुटतात. म्हणून तो तेरा अंशांवर ठेवून निघायचं. तळघर त्याहून थोडं गारच असतं. एवढ्या थंडीत एल जातीच्या बिअरचं यीस्ट, म्हणजे साखर आंबवणारी बुरशी, चक्क झोपून जातं. त्याला अठरा ते बावीस अंशांची ऊब लागते. ती मिळाली की आठवड्याभरात बहुतेक साखर फस्त. लागर या दुसऱ्या जातीच्या बिअरच्या यीस्टला मात्र दहा-बारा अंश मानवतात, आणि त्याला घाई अशी ती नसतेच. आम्ही गावाला गेल्यावर आमचं घर लागरच्याच तब्येतीचं होतं, मग दुसरं काही लावायचं कशाला?

आईला हे सगळं प्रकरण संशयास्पद वाटतं. "अगं, घरात दारू लावून कुलूप घालून येतेस, पोलीस नाही का येणार?" नाही येत. 1933 साली अमेरिकेतली दारूबंदी उठली तेव्हा घरी वाइन करायला मोकळीक मिळाली, बिअर मात्र राहूनच गेली. ती चूक दुरुस्त व्हायला 1978 उजाडावं लागलं. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि दोन प्रौढांच्या घराला वर्षाला दोनशे गॅलन बिअर करायची मुभा मिळाली. आमची बरणी पाच गॅलनची, म्हणजे एकोणीस लिटरच्या आसपास. "तरी पण," आई म्हणते. या 'तरी पण'ला कायद्यात उत्तर नाही.

बिअरला माणूस लागतो तो सुरुवातीला आणि शेवटी. निघायच्या आदल्या दिवशी कधीच लावू नये, कारण सुरुवात नीट झाली की नाही हे डोळ्यांनी बघायला हवं. लागर सुरुवातीला दीड-दोन दिवस ढिम्म हलत नाही. मग काचेच्या कडेला पांढरा फेस धरतो, त्यावर हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या, राळेचे तपकिरी डाग उमटतात आणि एअरलॉकमधून (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न घेणारी झाकणावरची पाणी भरलेली नळी) बुडबुडे सुटायला लागतात. त्याबरोबर सडक्या अंड्यासारखा वासही. लागरच्या यीस्टचा हा स्वभावच आहे, पुढे वास आपला आपण निघून जातो. तो निघून जाईपर्यंत आपण साताऱ्यात असतो, हा लागरचा आणखी एक फायदा.

पण खरा फायदा वेगळाच. घरी बिअर करणाऱ्याच्या हाताला स्वस्थता नसते. जरा झाकण उघडून बघू, थोडी चव घेऊ, साखर किती उरली ते सांगणारा हायड्रोमीटर बुडवून बघू. दही लागत असताना दर तासाला पातेलं हलवणाऱ्याचं दही जसं लागतं, तशीच ही बिअर होते. प्रत्येक वेळी आत थोडी हवा शिरते, आणि आंबून झालेल्या बिअरला हवेइतकं वाईट दुसरं काही नाही. तेरा हजार किलोमीटरवरून झाकण उघडता येत नाही. जुनी पुस्तकं घाबरवतात की तळाशी बसलेल्या यीस्टवर बिअर फार दिवस ठेवली तर ते यीस्ट मरून चव बिघडवतं. मोठ्या कारखान्यांच्या उंच टाक्यांत ते खरं असेल, तिथे तळच्या यीस्टवर दाबही मोठा असतो. घरच्या बरणीत महिना-दीड महिना काही होत नाही. उलट लोण्यासारखी जी चव तरुण लागरमध्ये खटकते, ती यीस्ट सावकाश स्वतःच खाऊन टाकतं.

वेळ बघून बिअर लावायची युक्ती काही माझी नव्हे. 1553 साली बव्हेरियाचा ड्यूक अल्ब्रेख्त पाचवा याने 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर बिअर करायला बंदीच घातली. उन्हाळ्यात बिअर नासायची, म्हणून मार्चमध्ये जरा कडक बिअर करून थंड तळघरांत साठवायची आणि शरदापर्यंत पुरवायची. तिथे थंडी सुट्टीवर जायची, इथे आम्ही जातो.

निघायच्या धांदलीत दोन गोष्टी मात्र मी करत नाही. एक, आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची बिअर. तिचा सगळा तोरा सुगंधाचा, तो ताजा असतानाच प्यायचा. दुसरी, आंबणं थांबल्याची खात्री नसताना बाटल्या भरणं. हायड्रोमीटरचा आकडा दोन-तीन दिवस एकाच जागी राहिला नाही तर साखर शिल्लक आहे असं समजावं. ती बाटलीत आंबते, दाब वाढतो आणि काच फुटते. रिकाम्या घरात ते झाडायला कोणी नसतं.

राहता राहिला एअरलॉक. त्यातलं पाणी उडून गेलं की बाहेरची हवा थेट आत, आणि मागोमाग व्हिनेगर करणारे जंतू. पाण्याऐवजी मी व्होडका घालते. तापमान उतरून दोन थेंब आत ओढले गेले तरी बिअर बिघडत नाही. पण व्होडका पाण्याहून लवकर उडते, म्हणजे अधूनमधून कोणीतरी भर घालायला हवी. शेजारचे निवृत्त आजोबा किल्ली सांभाळतात, हे कामही आनंदाने करतात. फ्रिजवर त्यांच्यासाठी चिठ्ठी असते: कुंड्यांना पाणी, एअरलॉकला व्होडका. खाली ठळक अक्षरांत नवऱ्याने भर घातली आहे: अदलाबदल नको, आणि उरलेली व्होडका तुमची.