स्कॅनरसाठी घरगुती एफटीपी: कुठवर आलंय

एसएफटीपी (फाइल पाठवायची कूटबद्ध, सुरक्षित पद्धत) असताना एफटीपी (जुनी, उघडी पद्धत) कशाला, असं कुणी विचारायच्या आत सांगतो: स्कॅनरसाठी. बाबांनी एका ऑफिसच्या भंगारातून उचललेलं मल्टिफंक्शन मशीन आमच्या कोथरूडच्या घरी आहे. दणकट आहे, पण स्कॅन पाठवायला त्याला दोनच वाटा ठाऊक: एसएमबी या फाइल-शेअरिंग पद्धतीची पहिली आवृत्ती नाहीतर साधं एफटीपी. लिनक्सवर एसएमबी चालवणाऱ्या सांबाने २०१९ मध्ये, ४.११ या आवृत्तीपासून, ती पहिली आवृत्ती डिफॉल्टला बंद केली. ती मुद्दाम उघडणं मला पटत नाही. उरलं एफटीपी.

जुना लॅपटॉप, त्यावर डेबियन लिनक्स आणि व्हीएसएफटीपीडी हा एफटीपी सर्व्हर. इन्स्टॉलमध्ये सांगण्यासारखं काही नाही. अपलोडची परवानगी देणारी ओळ तेवढी कॉन्फिगमध्ये उघडावी लागते.

खरी गंमत फोल्डरची. युजरला त्याच्याच फोल्डरात कोंडलं आणि त्या फोल्डरात लिहायची मुभाही ठेवली, तर व्हीएसएफटीपीडी '५०० ऊप्स' म्हणून लॉगिनच नाकारतो. नेटवर जो तो एक ओळ टाकून ही तपासणी बंद करायला सांगतो. मी तसं केलं नाही. वरचा फोल्डर रूटच्या (म्हणजे सिस्टीमच्या मुख्य युजरच्या) मालकीचा, आत 'आवक' नावाचा फोल्डर स्कॅनर-युजरचा. एसएफटीपी पुरवणाऱ्या ओपनएसएसएचलाही कोंडायचा फोल्डर रूटचाच लागतो, त्यामुळे हीच मांडणी एसएफटीपीला जशीच्या तशी चालते. स्कॅनर एफटीपीने टाकतो, आम्ही एसएफटीपीने उचलतो.

आता पॅसिव्ह मोड. लॉगिन होतं, फाइल मात्र जात नाही, असं दिसलं की नव्वद टक्के वेळा फायरवॉलकडे बघावं. पोर्ट म्हणजे सर्व्हरचं क्रमांक दिलेलं दार. पोर्ट २१ वर फक्त बोलणं चालतं; माल दुसऱ्या पोर्टवरून जातो, आणि पॅसिव्ह मोडमध्ये तो कुठला ते सर्व्हर सांगतो. लॉगमध्ये सर्व्हरच्या २२७ क्रमांकाच्या उत्तरात १९२,१६८,१,२०,१५६,६८ असे सहा आकडे येतात. पहिले चार म्हणजे आयपी. पुढे १५६ गुणिले २५६ अधिक ६८, म्हणजे पोर्ट ४०००४. मी ४०००० ते ४००१० एवढेच पोर्ट ठरवून दिले आणि फायरवॉलमध्ये ते फक्त घरच्या नेटवर्कला उघडले. बाहेर काहीच नाही, कारण नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा टीसीपीडंप लावला की 'पास' या कमांडपुढे पासवर्ड चक्क वाचता येतो. दोष तरी कुणाला द्यायचा? आयआयटी कानपूरच्या अभय भूषण यांनी एमआयटीत असताना एफटीपीचा पहिला मसुदा लिहिला तो १९७१ मध्ये. तेव्हा नेटवर्कवर होतं कोण!

मराठी नावांचा एक मुद्दा. बाबा फाइलला नाव देतात ते अर्जाच्या विषयासारखं: 'हवेली तालुक्यातील जमिनीच्या सातबारा उताऱ्याची…' आणि पुढे बरंच काही. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलसिस्टीमवर नावाची मर्यादा २५५ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजली जाते. 'हवेली' दिसायला तीन अक्षरं, पण चिन्हं पाच, बाइट १५. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हांत नाव संपवायचं, त्यातच एक्स्टेंशन. तेव्हा लांब विषय आता फोल्डरच्या नावांत विभागतोय: तालुका, गाव, मग साल.

राहिलेलं काम एकच, पण चिवट. गुरुवारी मध्येच लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर तगतो, राउटर आणि स्कॅनर बंद पडतात, आणि 'आवक'मध्ये अर्धवट पीडीएफ उरते. पूर्ण पीडीएफच्या शेवटी 'ईओएफ' ही खूण असते. ती सापडली तरच फाइल पुढे सरकवायची, अशी स्क्रिप्ट लिहायला घेतली आहे.