क म ळ वाचलं, मग पुढं काय?

परवा आमच्या पहिलीतला एक पोरगा फळ्यासमोर उभा राहून वाचत होता, क... म... ळ... तिन्ही अक्षरं बरोबर, आवाज एकदम खणखणीत. मी म्हटलं शाब्बास, आता शब्द काय झाला? तर म्हणतो, "बदक!" कारण शेजारच्या तक्त्यावर बदकाचं चित्र होतं 😄

हसू आलं खरं पण नंतर वाटलं चूक त्याची नाहीच. आपण मोठी माणसं सहज म्हणून टाकतो की मराठी काय सोपी, जसं बोलायचं तसंच लिहायचं, अक्षरं आली की वाचन आलं. गेली दहाबारा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरी घेतेय, मला तरी हे वाक्य अर्धंच खरं वाटतं. आता बघा ना, गवत म्हणताना व पूर्ण येतो आणि गवतात म्हटलं की तोच व अर्धा होऊन 'गव्तात' होतं, लिहिताना मात्र काही बदलत नाही. पहिली वेलांटी तर लबाडच, काढायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर, त्यामुळे सुरुवातीला निम्मी पोरं कि ला 'इक' वाचतात. आणि झाडं चं 'झाडम' करणारं एक तरी पोरगं दरवर्षी असतंच, कारण अं म्हणजे म् असं आम्हीच आंबा दाखवून शिकवलेलं असतं!

मी आता क ख ग घ ङ या क्रमाने शिकवत नाही. पाचव्याच अक्षराला ङ येतो, त्याचा शब्द काय सांगणार पोरांना? जुने लोक ग म भ न पासून सुरू करायचे ते वळणं सारखी म्हणून, पण त्यात अजून एक फायदा आहे. या चार अक्षरांना नुसता काना जोडला की मामा, नाना, नाग, मान असे शब्द पहिल्याच आठवड्यात वाचता येतात, आणि स्वतःच्या मामाला वहीत बघून पोरं जी खूष होतात ते बघायला वर्गातच यावं लागेल.

पुढे इंग्रजीच्या ट्रेनिंगला गेले तर तिथे हीच गोष्ट. एस ए टी पी आय एन या सहा अक्षरांचे आधी आवाज शिकवायचे, स ॲ ट प इ न, आणि लगेच सॅट, पिन, टॅप, टिन जोडायला लावायचं. आमच्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली, मी तेव्हा पाचवीत, म्हणजे माझी ए बी सी डी पाचवीतलीच, आणि ती आम्ही नावांनीच घोकलेली. सी-ए-टी कॅट. आता सी, ए, टी जोडून कॅट कसं होईल? 'सीएटी'च होणार ना. आपल्याकडे क चं नावही क आणि आवाजही क, तिकडे नाव एच आणि आवाज ह. हा घोळ पोरांना एकदा सांगून टाकला की त्यांची निम्मी भीती जाते.

इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिलीतल्या मुलांना ४० शब्द वाचायला देतात आणि त्यातले २० चक्क निरर्थक असतात. मला ही आयडिया फार आवडली, म्हणून मी पण फळ्यावर 'गमुटी', 'लाबेक' असलं काहीबाही लिहिते. धडा पाठ करून घडाघडा 'वाचणारे' हुशार बरोब्बर तिथे अडकतात आणि गप्प बसणारी एखादी पोरगी पटकन वाचून टाकते. गमुटी म्हणजे काय यावर मग अर्धा तास दंगा, तो वेगळाच!

पण आमची खरी गंमत ळ ची. आमचा भाग जळगावकडचा, घरात अहिराणी. डोळा चा डोया, शाळा ची शाया, पाणी चं पानी. आवाजावरून अक्षर शिकवायचं म्हणता, पण तो आवाजच घरात नसेल तर? मी आधी चूक म्हणून खोडायचे, आता लाज वाटते त्याची. आता फळ्याचे दोन भाग करते, एकीकडे घरचा शब्द, एकीकडे पुस्तकातला. डोया-डोळा, काया-काळा. पाच-सात जोड्या झाल्या की पोरं स्वतःच ओरडतात, "मॅडम, आपला य तिथं ळ!" मग उलटीकडून एकाने विचारलं, मग पाय चं पुस्तकात पाळ का? नाही रे बाबा 🤦‍♀️ पण प्रश्न चोख होता.

दुसरीत शब्दांच्या चिठ्ठ्या करून गट पाडायला देते. दूध-दुधात, फूल-फुलाला, मूल-मुलाला. नियम मी सांगतच नाही, शब्दाची शेपटी वाढली की ऊ चा उ होतो हे त्यांनीच शोधलं. परिणाम असा की बाजारात एका टपरीवर 'दूधाचा चहा' लिहिलेलं बघून एकीने मालकाला तिथल्या तिथे सुनावलं. तो म्हणे पोरी, चहा गोड आहे ना!

चमचा म्हणताना च वेगळा आणि चमचे म्हणताना शेवटचा वेगळा, हे पण एका पोरीनेच पकडलं, दुपारी खिचडी खाता खाता. मी इतकी वर्षं शिकवतेय, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

सोमवारपासून र घ्यायचाय. क्रम, कर्म, ट्रक इथपर्यंत ठीक, पण दर्या आणि दऱ्या कसं समजवायचं हे अजून काही सुचलेलं नाही. कुणी वर्गात काही करून बघितलं असेल तर सांगा बाई.