रेशनकार्डाच्या मागचा शेरा

परवा ई-केवायसीसाठी रेशनच्या दुकानात गेले होते. मशीनवर बसलेल्या पोराने कार्ड हातात घेतलं, उलटं केलं आणि मागचं वाचायलाच लागला. "काकू, हे काय लिहिलंय?" मागे निळ्या शाईत केसचा नंबर, 'रु. ५०,०००/-', कोर्टाचा गोल शिक्का, आणि त्या सगळ्यावरून नंतर मारलेली लाल रेघ. रांगेत माझ्यामागे चौघीजणी. "जुनं आहे ते, तू अंगठा घे," म्हटलं आणि कार्ड पर्समध्ये टाकलं.

हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं. ताईला आवडणार नाही. पण तिच्या तोंडावर जे बोललेय त्याहून जास्त इथे काही नाही.

तर, माझा भाचा. ताईचा धाकटा, वय २३. २०२४ च्या दहीहंडीच्या रात्री पेठेत दोन मंडळांच्या पोरांची बाचाबाची झाली आणि कोयता निघाला. कोयता मित्राच्या हातात होता, माझ्या हातात नुसता बांबू, असं हा सांगतो. दोषारोपपत्रात काय आहे ते मी वाचलंय, पण खटला चालायचाय म्हणून त्यात शिरत नाही. ज्याला लागलं त्या मुलाची डाव्या हाताची तीन बोटं आजही मिटत नाहीत, एवढंच सांगते. कलम १०९, म्हणजे जुनं ३०७, खुनाचा प्रयत्न. नवे फौजदारी कायदे १ जुलैलाच लागू झाले होते, त्यामुळे वकीलसुद्धा आधी नवा आकडा सांगायचे आणि लगेच "म्हणजे जुनं" करून जुना.

साडेचार महिने येरवडा झालं. दोषारोपपत्र आलं आणि जानेवारीत सेशन्स कोर्टाने जामीन दिला. ५० हजारांचा जातमुचलका, म्हणजे त्याने स्वतः लिहून दिलेली हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. ताईचं घर भाड्याचं, भाऊजींची नोकरी कंत्राटी. चिंचवडचा फ्लॅट माझ्या नावावर. तेव्हा जामीनदार कोण, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. मला फक्त कुठली कागदपत्रं आणायची ते सांगितलं. घरपट्टीची पावती, इंडेक्स टू म्हणजे फ्लॅटच्या नोंदणीचा उतारा, आधार, वीजबिल, दोन फोटो, रेशनकार्ड. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं कारकुनी केलेली बाई मी, फाईल अशी लावून नेली की वकील मॅडमच्या ज्युनिअरने तिचा फोटो काढून ठेवला.

प्रतिज्ञापत्रावर आणखी कुणाकुणाला जामीन राहिलात तेही लिहून द्यावं लागतं. भाड्याने जामीनदार मिळतात, म्हणून ते आहे. मग कोर्टापुढे उभं केलं. जजसाहेबांनी चष्म्यावरून बघून विचारलं, "आरोपी तुमचा कोण?"

"बहिणीचा मुलगा."

"तो आला नाही तर पन्नास हजार भरावे लागतील, माहीत आहे?"

"हो."

"त्याच्यावर लक्ष ठेवाल?"

"हो," म्हटलं. लग्नात वचन देतात तसं. मग खाली क्लार्कने रेशनकार्ड उलटं केलं आणि निळ्या शाईत शेरा मारला.

अटी साध्या होत्या. खटला संपेपर्यंत तारखेव्यतिरिक्त पुणे शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत यायचं नाही. दर रविवारी दहा ते बारा जिथे राहील तिथल्या पोलीस स्टेशनला हजेरी. जखमी मुलाशी, त्याच्या घरच्यांशी किंवा साक्षीदारांशी स्वतः किंवा दुसऱ्यामार्फत संपर्क करायचा नाही. पत्ता, मोबाईल बदलला तर कळवायचं. पिंपरी-चिंचवडला २०१८ पासून वेगळं आयुक्तालय आहे, म्हणून तो माझ्याकडे आला. शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, "तडीपार केलंय का हो?" नाही. तडीपारी पोलीस करतात, तिचा कायदा वेगळा, ती मोडली की तो स्वतंत्र गुन्हा. ही कोर्टाने घातलेली अट. पण जिन्यात उभं राहून हे किती जणींना सांगणार.

मला वाटायचं की या अटींवर कुणीतरी नजर ठेवून असेल. कुठेतरी एक नोंद असेल, तो पुण्याच्या हद्दीवरच्या हॅरिस पुलापलीकडे गेला की कुठेतरी दिवा लागेल. असलं काही नाही. पोलीस स्टेशनला एक रजिस्टर, त्यात रविवारी सही. आमचे हे म्हणाले, त्याच्या मोबाईलचं लोकेशन पोलिसांना का नाही देत? मी वकील मॅडमना विचारलंही. त्या म्हणाल्या, सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये, फ्रँक व्हायटस नावाच्या माणसाच्या केसमध्ये, गुगलवर लोकेशनची पिन टाकून पोलिसांना सतत दिसू द्या अशी अटच घालता येणार नाही म्हणून सांगितलंय. जामिनावर सुटलेल्या माणसालाही खासगी आयुष्य आहे. तत्त्व म्हणून मला ते पटतं. पण मग लक्ष कोण ठेवणार? एक जामीनदार, म्हणजे मी. आणि दुसरं, ज्याला कोयता लागला त्याच्या घरचे. हे दुसरं मला तेव्हा सुचलंही नव्हतं.

आठ महिने नीट गेले. रविवारी पोहे खाऊन हजेरीला जायचा, येताना कोथिंबीर आणायचा. मग गणपती आले. २०२५ ची अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला, शनिवारी. दुपारी म्हणाला, मित्राकडे निगडीला जातो. रात्री फोन लागेना. मिरवणूक त्या वर्षी रविवारीही चालूच होती, आणि हा रविवारी दहा ते बारा, म्हणजे हजेरीच्या वेळेला, कमरेला ढोल बांधून लक्ष्मी रोडवर. हे मला कसं कळलं? त्याच्या स्टोरीवरून. पांढरा झब्बा, कपाळाला गुलाल, वर इंग्रजी अक्षरांत 'किंग परत आला'. माझ्या पुतणीने दाखवली. तोवर जखमी मुलाच्या बहिणीने तिचा स्क्रीनशॉट काढलेला होता.

सोमवारी घरी आला तेव्हा आवाज बसलेला. "मावशी, बाप्पाचा शेवटचा दिवस गं. कुणाला मारलं का मी?" मी बोलले नाही. बोलायला हवं होतं.

त्याच आठवड्यात एका मित्राने जखमी मुलाला फोन केला. ४७ सेकंदांचा. 'भाऊ बाहेर आलाय, बोटं मिटायला लागली की सही करायला ये, मिटवून टाकू.' त्या मुलाने तो रेकॉर्ड केला.

वकील मॅडमच्या ऑफिसात आम्ही तिघं बसलो होतो, मी, ताई आणि तो. त्यांनी आधी स्टोरी बघितली, मग त्याच्याकडे. "मध्य प्रदेशात एक विद्यार्थी नेता होता. बलात्काराच्या केसमध्ये जामीन झाला, तर 'भैय्या इज बॅक' म्हणून पोस्टर लागले. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने जामीन रद्द केला. आता तू मला सांग, मी तुझ्या बाजूने काय बोलू?"

मग त्यांनी जे समजावलं ते मी डायरीत लिहून घेतलं. जामिनाची अट मोडणं हा आपल्याकडे आपोआप नवा गुन्हा होत नाही. मोडली म्हणून कुणी लगेच उचलूनही नेत नाही. सरकार पक्षाने किंवा फिर्यादीने अर्ज करायचा, नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम ४८३ खाली, जुन्या ४३९ च्या जागी आलेल्या. मग कोर्ट आरोपीचं ऐकतं आणि जामीन रद्द करून परत आत पाठवू शकतं. नुसता हजेरीचा एक रविवार चुकला, नुसती हद्द ओलांडली, यावर कोर्ट कधी ताकीद देऊन सोडतंही, कारण दिलेला जामीन काढून घ्यायला भक्कम कारण लागतं, असं दौलतराम खटल्यापासून सुप्रीम कोर्ट सांगत आलंय. पण साक्षीदाराला हात लावला की सगळं फिरतं. "आणि तो फोन," त्या म्हणाल्या, "ती नुसती अट मोडणं नाही. खोटी साक्ष दे म्हणून धमकावणं, कलम २३२, सात वर्षांपर्यंत. तो वेगळा गुन्हा आहे."

"फोन मी नाही केला," भाचा म्हणाला.

"अटीत 'दुसऱ्यामार्फत' हा शब्द आहे. वाचला होतास?"

त्याने वाचलाच नव्हता. आठ महिने ऑर्डरची झेरॉक्स माझ्या फ्रिजवर मॅग्नेटखाली होती.

जामीन रद्द करण्याच्या अर्जाची तारीख ऑक्टोबरमध्ये होती आणि त्या दिवशी हा आलाच नाही. आदल्या रात्री घरून निघून गेला. त्याच्या नावे नॉन-बेलेबल वॉरंट निघालं आणि तीन आठवड्यांनी बेलिफ माझ्या दारात. नोटीस माझ्या नावाची. मुचलका जप्त का करू नये याचं कारण दाखवा. सोसायटीच्या वॉचमनने त्यांना वर आणून सोडलं होतं, तो कागद हातात पडेपर्यंत हलला नाही.

त्या रात्री मी हिशेब केला. पन्नास हजार भरले नाहीत तर जप्ती. जप्तीतूनही वसूल झाले नाहीत तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंग. शिवाय जामिनावर सुटून तारखेला न येणं हा त्याच्यावर आणखी एक गुन्हा, कलम २६९, वर्षभर शिक्षा होऊ शकते. आणि मला एक दार उघडं होतं, जे कुणी आधी सांगितलं नव्हतं. जामीनदाराला कधीही अर्ज करता येतो की मला मोकळं करा, कलम ४८९. मग कोर्ट त्याला वॉरंटने आणवतं, जामीनदार सुटतो, आणि त्याने नवा जामीनदार आणायचा, नाहीतर आत जायचं. मला सप्टेंबरमध्ये, तो गुलाल लावून आला त्या सोमवारीच, हे करता आलं असतं. ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तू करशील असं?" मी उत्तर दिलं नाही, आणि तेव्हापासून आमचं बोलणं जेवण झालं का, पाऊस आहे का, एवढ्यावर आलं.

तो नऱ्ह्याला मित्राच्या खोलीवर सापडला. पुतणीने शोधला, पोलिसांनी नाही. मी सकाळी सात वाजता दारात उभी. दाढी वाढलेली, खोलीत मॅगीची भांडी. म्हटलं, "चप्पल घाल." रिक्षात तो माझ्या बाजूला बसून अख्खा सिंहगड रोड रडला आणि मी रिक्षाच्या मीटरकडे बघत होते.

शिवाजीनगर कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर जागा मिळाली ती नेमकी त्या मुलाच्या आईशेजारी. मला माहीत नव्हतं. त्यांच्या मांडीवर साडीच्या दुकानाची पिशवी, त्यात स्क्रीनशॉटच्या रंगीत प्रिंट. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "तुम्ही त्याच्या आई का?"

"मावशी. जामीनदार."

"मग तुम्ही बघत नव्हता का?"

तुसडेपणाने नाही, खरंच विचारत होत्या. त्यांच्या मुलीने वर्षभर आमच्या पोराचं अकाऊंट रोज रात्री उघडून बघितलं होतं. बारावीचा अभ्यास करून झाला की. माझ्या घरात तो झोपलेला असायचा तेव्हा. मी पाण्याची बाटली पुढे केली, त्यांनी नको म्हटलं, आणि पुकारा झाला.

त्यांच्या वकिलांनी लखीमपूर खेरीच्या केसचा २०२२ चा निकाल दाखवला, पीडिताला जामिनाच्या टप्प्यावरही ऐकून घेण्याचा हक्क आहे म्हणून. जजसाहेबांनी त्या आईंना दोन वाक्यं बोलू दिली. आमच्या मॅडम गणपतीचं बोलल्या, वयाचं बोलल्या, पूर्वी गुन्हा नाही ते बोलल्या. ऑर्डर दोन पानी आली. मिरवणुकीला गेला आणि हजेरी चुकवली ते गंभीर, पण त्यासाठी कदाचित ताकीद पुरली असती. फोन आणि त्यानंतर फरार होणं, यामुळे जामीन रद्द. त्याच संध्याकाळी येरवडा. धमकीचा तपास वेगळा चालू आहे.

मी त्याला स्वतः हजर केलं, म्हणून मुचलक्याच्या रकमेत कोर्टाने सूट दिली. पन्नासचे दहा हजार झाले. नाझरच्या खिडकीत भरले, पावती घेतली, क्लार्कने रेशनकार्डावर लाल रेघ मारून दिली. येताना सिव्हिल कोर्टच्या मेट्रोत एवढे सरकते जिने उतरले की कानात दडा बसल्यासारखं झालं.

आता हायकोर्टात अर्ज करायचं चाललंय. मुचलका एकदा मोडला की नुसत्या स्वतःच्या सहीवर सुटता येत नाही, नवा जामीनदार लागतोच. गेल्या रविवारी ताई आली होती, चार महिन्यांनी. ई-केवायसीचं बोलणं निघालं म्हणून तिने माझं कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, लाल रेघेवरून बोट फिरवलं. शेऱ्याखाली अर्धं पान कोरं आहे. तिने ते पाहिलं, मीही पाहिलं. मग कार्ड टीव्हीवर ठेवून म्हणाली, "चहा मी टाकते."