वाघोलीचा निळा दगड: रंग दिलेला की मूळचा?

पांढऱ्या स्टिल्बाइट खनिजावर कॅव्हन्साइट या खनिजाचे भडक निळे गोळे दिसले की लोक विचारतात, हा रंग दिलाय का? त्यांना सांगतो: कॅव्हन्साइटला रंग द्यावा लागत नाही. फसवणूक होते ती गोळ्याच्या बुडाशी: गोळा दगडावर डिंकानं चिकटवलेला असू शकतो.

हा कॅल्शियम आणि व्हॅनेडियम या धातूंचा पाणीयुक्त सिलिकेट, म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनवर उभं खनिज. वजनाचा सुमारे ११ टक्के भाग व्हॅनेडियमचाच, त्यामुळे रंग कुठल्या अशुद्धीवर अवलंबून नाही. निळेपणा रचनेतच आहे. शेजारच्या स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट या झिओलाइटांच्या (ॲल्युमिनियम-सिलिकेटच्या सच्छिद्र जाळीत पाणी धरणाऱ्या खनिजांच्या) घडणीत असा रंग देणारा धातू नसतो, म्हणून ते बहुधा पांढरे किंवा फिके. कॅव्हन्साइट त्यांच्या सोबतीनं सापडतो, पण तो स्वतः झिओलाइट नव्हे.

हे खनिज प्रथम अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये मिळालं. त्याचं शास्त्रीय वर्णन १९७३ साली झालं. पण संग्राहकांच्या कपाटात जे दिसतं ते जवळजवळ सगळं पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतलं. डेक्कन ट्रॅपच्या, म्हणजे दख्खनच्या लाव्हा थरांच्या, बेसाल्टमधल्या पोकळ्यांत आणि भेगांत खनिजयुक्त पाणी खेळलं, त्यातून हे स्फटिक वाढले. खडीसाठी सुरुंग लावताना ते उघडे पडतात, आणि तितक्याच सहज चुराही होतात.

तर तपासायचं कसं? दहापट भिंगातून गोळ्याचं बूड पाहा. अस्सल नमुन्यात बारीक पाती मध्यापासून किरणांसारखी फाकलेली असतात आणि खालच्या खनिजात रुतलेली दिसतात. कधी स्टिल्बाइट किंवा कॅल्साइटचा स्फटिक गोळ्याच्या कडेवर चढलेला असतो. हा पुरावा उत्तम, कारण असं वाढणं चिकटवून जमत नाही. बुडाशी चकचकीत पातळ थर, त्यात हवेचे बुडबुडे किंवा निळा चुरा अडकलेला दिसला तर तो डिंक समजा. अतिनील टॉर्चखाली बरेच डिंक चमकतात. मात्र कॅल्साइटही चमकू शकतो, तेव्हा चमक दिसली की पुन्हा भिंगच उचला. अ‍ॅसिटोननं झटपट चिकटणारा डिंक सुटतो; घट्ट झालेला इपॉक्सी डिंक त्याला दाद देत नाही.

गोळ्याऐवजी सुट्या, लांबट निळ्या पात्या असतील तर तो पेंटॅगोनाइट असू शकतो. घटक तेच, पण सिलिकेटच्या कड्यांची जोडणी वेगळी. तो कॅव्हन्साइटपेक्षा दुर्मीळ आहे, म्हणून विकणारा ते नाव घेतो तेव्हा भिंग जरा जास्त वेळ धरावं.

साफ करताना नुसतं साधं पाणी आणि अगदी मऊ ब्रश वापरा. कॅल्साइट काढायला आम्ल वापरू नका आणि अल्ट्रासॉनिक यंत्रात तर टाकूच नका, पाती झडतात. नमुना वाळवायचा तो सावलीत. तापवला तर रचनेतलं पाणी निघून जातं. कठीणता ३ ते ४, म्हणजे साध्या चाकूनंही ओरखडा उठतो. अंगठीत बसवण्याजोगा हा दगड नाहीच.