तुम्ही विचारलंत म्हणून: तुमच्यात माणूस गेला की रडत नाहीत का?

हा प्रश्न मला ऑफिसात विचारतात, सोसायटीत विचारतात, एकदा तर रिक्षावाल्या दादांनीही विचारला. नगरला आम्हा ख्रिस्ती लोकांकडे मयत झाली की मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, माणसं रात्री घरी जमतात, तबला पेटी टाळ घेऊन भजनं चालतात, दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये उपासना आणि मग कब्रस्तानात मातीच्या वेळीही गाणं. बाहेरून बघणाऱ्याला वाटणारच की ह्या लोकांना दुःख होत नाही की काय.

होतं. भरपूर रडतो आम्ही. आणि ज्याच्यावर विश्वास ठेवतो तोही रडलाय. बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानात ११व्या अध्यायात लाजर मरतो, येशू त्याच्या गावी बेथानीला पोचतो तोवर त्याला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात, आणि मार्था येऊन सरळ म्हणते प्रभू, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. हे गाऱ्हाणंच आहे आणि येशू तिला गप्प बस म्हणत नाही. पुनरुत्थान व जीवन मीच आहे असं तिला सांगतो, पण मग तिच्या बहिणीला, मरीयेला, आणि बाकीच्यांना रडताना बघून स्वतःही रडतो. थोड्याच वेळात तो लाजराला हाक मारून बाहेर बोलावणार आहे, त्याला ते माहीत आहे, तरी रडतो! मला ह्या गोष्टीचा फार आधार वाटतो, कारण आशा आहे म्हणून डोळे पुसून हसत बसायचं अशी सक्ती आमच्यावर कोणी केलेली नाही.

आता आत्याबद्दल सांगते, म्हणजे नुसतं पुस्तकी वाटणार नाही. आत्या मिशनच्या शाळेत शिक्षिका होती. पोटाचा कॅन्सर, तोही उशिरा कळला, आणि केमोने आता फार काही साधणार नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तिनेच ठरवलं की घरी जायचं. उशाखाली वहीचं एक पान ठेवलेलं असायचं, त्यावर तिच्या सुंदर शाळामास्तरी अक्षरात मयतीला कुठली गीतं घ्यायची, कोणी वाचायचं, स्तोत्र २३ सगळेच वाचतात म्हणून माझ्या वेळी बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा ८वा अध्याय वाचा, मरण काय नि जीवन काय कशानेही देवाच्या प्रीतीपासून आपण वेगळे होत नाही ते, आणि त्याच्याच खाली गॅसचं पुस्तक कपाटात डाव्या बाजूला आहे, दूधवाल्याचे पैसे द्यायचे राहिलेत. एकाच पानावर हे सगळं. तिला हे काही वेगवेगळं वाटतच नव्हतं.

पण म्हणून ती घाबरली नाही असं नाही. एका रात्री मला उठवलं आणि म्हणाली, भीती वाटतेय गं. मी काहीतरी धीराचं शोधत होते तर म्हणाली २२वं स्तोत्र काढ. म्हणजे माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, तिथून सुरू होणारं. मी जरा थांबले तर म्हणाली अगं वाच, येशू वधस्तंभावर हेच म्हणाला ना, मग मी म्हटलं तर काय बिघडलं. मी वाचत गेले, मधे मधे कापूस भिजवून तिचे ओठ ओले करत होते, आणि शेवटी शेवटी ते स्तोत्र स्तुतीकडे वळतं तिथे येईपर्यंत तिला झोप लागली होती.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते आणि ती आमच्याच लोकांबद्दल आहे. भेटायला येणारे काही जण म्हणायचे, विश्वास धरा, तुम्ही उठणारच, शंका आणू नका. बरं होण्यासाठी प्रार्थना आम्हीही केली, पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, तेल लावून केली, ती करायचीच असते. पण जिला दिसतंय की आपण चाललोय तिला तुझा विश्वास कमी पडतोय असं सुचवायचं हा छळ आहे, मी दुसरा शब्द वापरणार नाही. बायबलमधली पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे अंगातलं एक दुखणं, निघावा म्हणून तीनदा विनवलं आणि तो निघाला नाही. आपला सोबती त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेत शहरात ठेवून आलो असं पौलच लिहितो. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द येशूने हा दुःखाचा प्याला दूर कर म्हटलं, आणि प्याला दूर झाला नाही. ह्यांचा काय विश्वास कमी होता?

उलट मरणाऱ्याच्या शेजारी शांत बसणं, त्याचं दुखणं कमी करणं हे मला जास्त विश्वासाचं काम वाटतं. लंडनला सिसिली सॉन्डर्स बाईंनी १९६७ मध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांची सेवा करणारं घर, सुरू केलं ते ह्याच श्रद्धेतून, आणि आपल्याकडे वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे, जिथे शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर पेशंटची सेवा होते.

आणि पंडिता रमाबाई. लोकांना त्यांचं शिक्षणाचं काम माहीत असतं पण त्यांनी किती मरणं बघितली ते लक्षात घेत नाहीत. १८७४ च्या सुमाराला दुष्काळात वणवण करताना आईवडील आणि बहीण काही महिन्यांत गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने. हे सगळं बाप्तिस्म्याच्या, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेच्या, आधीचं, तो १८८३ चा. पण बाप्तिस्मा घेतला म्हणून मरण घराबाहेर थांबलं नाही, १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा चाळिशीत गेली, जिच्या हातात रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनचं काम जायचं होतं. बाई तेव्हा बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, मूळ हिब्रू ग्रीकवरून. लेक गेल्यावरही काम सोडलं नाही, ते पुरं करत आणलं आणि एप्रिल १९२२ मध्ये स्वतः गेल्या. मुलगी गेल्यावर रोज सकाळी उठून त्याच कागदांसमोर बसायचं, ज्यात पुनरुत्थानाचं वचन आहे! मी आशा म्हणते ती ही.

नुसता आत्मा सुटला आणि वर गेला एवढंच आम्ही मानत नाही, शरीरही उठवलं जाणार असं मानतो. म्हणून आत्याला न्हाऊ घालून तिची मोतिया काठाची पांढरी साडी नेसवली, केस विंचरले, चष्मा मात्र काढून ठेवला कारण चुलतबहीण म्हणाली आता लागणार नाही, आणि त्यावर आम्ही दोघी इतक्या रडलो की बाकीच्या बायका आत धावत आल्या.

मला स्वतःला भीती वाटते का, असंही विचारता. दुखण्याची वाटते. मुलगी लहान आहे तिला सोडून जायची तर फारच वाटते. पण संपून जाण्याची नाही वाटत, आणि पलीकडे कोण आहे ते मला ठाऊक आहे.

तर आमच्याकडे मयतीला आलात तर गेटपाशी उभे राहू नका, आत या. कोणी अडवत नाही. शेजारी बसलेल्याकडे गीताचं पुस्तक मागा, चाल जमली नाही तरी चालेल, आणि रडू आलं तर गाणं सोडून रडा, आमच्यातले निम्मे तेच करत असतात.