सरांची डॉली

आपल्या प्रशिक्षण संस्थेतून रौप्यमहोत्सवाचं पत्र आलं, तेव्हा मी एका गाडीच्या दारावर घासायचा पेपर मारत होतो. पत्र वाचलं आणि डोळ्यांसमोर आपले बॉडी शॉपचे, म्हणजे गाडीच्या पत्र्याचं आणि रंगाचं काम शिकवणारे सर उभे राहिले. वसतिगृह, पहाटेची एसटी, परीक्षेतले जॉब यांबद्दल बाकीचे मित्र लिहितीलच. मला फक्त सरांबद्दल लिहायचंय.

17 सप्टेंबर होता. मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं आणि पोरं घरी पांगली. रात्रभर पाऊस पडून गेलेला. सर म्हणाले, "आज रंगाच्या गनला हात लावायचा नाही. हवेत ओल हाय, रंग पांढुरका पडतो. चल, तुझं मडगार्ड बघू."

त्या जुन्या जीपच्या मडगार्डातला खड्डा मी आदल्या दिवशी पुट्टीनं भरून, घासून अगदी गुळगुळीत केला होता. सर शाबासकी देतील असं वाटत होतं. त्यांनी खांद्यावरचं फडकं पत्र्यावर अंथरलं, डोळे मिटले आणि फडक्यावरून तळहात सावकाश फिरवला. मग नखानं टिचकी मारत गेले. टण, टण, टण आणि माझ्या जागेवर थप्प.

"किती भरलीस?"

मी गप्प. त्यांनी छिन्नीनं खपली उचकटली, ती बोटाएवढी जाड निघाली. "दोन-तीन मिलिमीटर, बास. याच्यावर गेलास की आपल्याकडच्या उन्हात तडकती. गिऱ्हाइकाला रंगाच्या आतलं दिसत नाही रे."

मग स्वतःची डॉली, म्हणजे पत्र्याला मागून टेकवायचा लोखंडी ठोकळा, माझ्या हातात दिली. आतून डॉली, बाहेरून हातोडी. मी थेट खड्ड्याच्या मधोमध ठोकायला लागलो, तसं त्यांनी माझं मनगट धरलं. "मधात नाही, कडंनं ये. जी घडी शेवटी पडली ती आधी सोडव. आणि हळू. ताणलेला पत्रा मागं येत नाही." दिवे लागेपर्यंत ते माझ्याशेजारी उभे होते. त्या दिवशी त्यांच्या घरी पाहुणे आले होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आज वाळूजच्या रस्त्याला माझं गॅरेज आहे. अकरा पोरं आहेत, स्वतःचा पेंट बूथ आहे. सर आयुष्यभर तोंडाला रुमाल बांधूनच रंग मारत आले. त्यांचा तो खोकला अजून कानात आहे. म्हणून मी एकाही पोराला वाफ गाळणारा कार्ट्रिजचा मास्क लावल्याशिवाय टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळलेला वरचा पारदर्शक थर, मारू देत नाही. एका गोष्टीचं मात्र वाईट वाटतं. आता जरा चेपलं की पार्टच बदलतात. नवी पोरं पहिल्याच महिन्यात गन मागतात, डॉली कुणाला नको असते.

त्या संध्याकाळी डॉली चुकून माझ्या पिशवीत आली. परत द्यायला गेलो, तर सर म्हणाले, "राहू दे तुझ्याकडं, काम शिकून झालं की आण."

कार्यक्रमाला सर येणार आहेत, असं पत्रात लिहिलंय. डॉली घेऊन येतोय.